बन्सीदादांचा हात

विमानाच्या कसरती बघताना लोक नेमक्या चुकीच्या जागी टाळ्या वाजवतात. विमानानं हिसका देऊन वळण घेतलं, इंजिन खोकलं, शेपूट थरथरलं, की मैदानभर वाहवा. जो पायलट सगळं अलगद करतो त्याचं कुणाला काही वाटत नाही. यात काय, हे तर सोपंच दिसतंय, म्हणून लोक शेंगा सोलत बसतात. चिकलठाण्याच्या धावपट्टीवर मी सोळा वर्षं फिटर होतो आणि सोळा वर्षं या लोकांवर मनातल्या मनात चिडत होतो. ते सोपं दिसणारं काम किती अवघड असतं, हे मला एका माणसानं दाखवलं. बन्सीदादा त्यांचं नाव. करमाडच्या तात्यासाहेबांचे धाकटे चिरंजीव. त्यांना मी मारलं असं कुणी म्हणत नाही. मी म्हणतो.

आम्ही मेंढरांमागं फिरणारी माणसं. उन्हाळ्यात तात्यासाहेबांच्या रानात आमच्या मेंढ्या बसायच्या. लेंडीखत त्यांच्या जमिनीला मिळायचं आणि ज्वारी आम्हाला. बन्सीदादा माझ्याहून चार वर्षांनी मोठे, पण मालकाचा मुलगा म्हणून मी त्यांना कधी नावानं हाक मारली नाही. पोलीस ॲक्शननंतर दोन वर्षांत ते हैदराबादला गेले आणि विमान चालवायला शिकून आले. तात्यासाहेब चार महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. पुढं चिकलठाण्याला फ्लाइंग क्लब निघाला. दादा तिथं शिकवायला लागले आणि छावणीतल्या मोटार गॅरेजात तेलानं माखलेला मी, मला त्यांनी तिथून उचलून क्लबात आणलं. "मुंजा, मोटारीचं पोट कळतंय तर विमानाचं बी कळंल," एवढीच त्यांनी माझी परीक्षा घेतली.

क्लबची विमानं दोन, दोन्ही पिवळी टायगर मॉथ. दोन मजली पंख, कापडी अंग, उघड्यावर बसायच्या पुढं-मागं दोन सीटा. दादा त्यावर लूप करायचे, म्हणजे उभा फेरा. कूस पालटावी तसं विमान आभाळात पालटायचे. आणि हे सगळं करण्याआधी अर्धा तास हँगरच्या कोपऱ्यात स्टुलावर बसायचे. डोळे मिटलेले, दोन गुडघ्यांच्या मध्ये झाडूचा दांडा उभा धरलेला. तोच दांडा विमान वळवायची कांडी समजून ते सगळा खेळ पहिल्यापासून शेवटपर्यंत बसल्या जागी उडवायचे. पाय हलायचे, मान वळायची, बोटं किंचित पुढं-मागं व्हायची. झाडू साळूबाईचा. ती झाडायला आली की रोज तोंडाचा पट्टा सुरू. "सरकारी इमान हाय ना तुमाला? मव्हा झाडू कामून उडवता?" दादा डोळे न उघडता म्हणायचे, "मावशे, थांब जरा. उलटा हाय मी."

एकदा मी विचारलं, "दादा, तुमचं इमान हिसका कसा खात नाय?"

ते म्हणाले, "हात हलका ठेवायचा. हलका म्हंजे सैल नाय, बरं का. मी लूपच्या डोक्यावर असतो ना, तवा मव्हं मन खाली येऊन पोचलेलं असतंय. हात निवांत मागून येतोय. ज्याचं मन इमानाच्या मागं राह्यलं, त्याला गाठायसाठी हिसका मारावा लागतोय. अन् हिसका मारला की पंखाला हवा धरवत नाय. मग इमान नाय, नुसता दगड."

हे मोजायची त्यांनी एक तऱ्हा काढली होती. एकट्यानं उडताना पायलट मागच्या सीटवर बसतो. पुढची सीट मोकळी, तिच्यावर आम्ही मांजरपाटाचं पांढरं झाकण ताणून बांधायचो. त्या झाकणाखाली, सीटच्या तळाशी, ज्वारीचे मूठभर दाणे टाकून ठेव असं दादा म्हणाले. मी साफ नाही म्हणालो. विमानात सुटी वस्तू ठेवायची नाही हा फिटरचा पहिला धडा. दाणा कांडीच्या सांध्यात अडकला तर? दादा हसले. "मग माती चालंल? चिमूटभर?" शेवटी करमाडच्या रानातली बारीक चाळलेली काळी माती ठरली. हात अलगद असला तर विमान उलटं झालं तरी माती तळाला दबून राहते. हिसका बसला की उडते आणि झाकणाला आतून चिकटते. उतरल्यावर मी झाकण सोडायचो, उलटं करायचो, आणि दादा हेल्मेट काढता काढता धावत यायचे. कापड कोरं निघालं की लहान मुलासारखे खूश. सात वर्षांत मी त्या कापडावर डाग पाहिले ते फार तर पाच-सहा वेळा. तेव्हा मी तोंडावर सांगायचो, "दादा, आज दुसऱ्या फेऱ्याला झोपला व्हता का?" हे बोलायची मुभा मला फक्त त्या कापडापुरती होती. बाकी ते मालक आणि मी मुंजाबा.

बासष्टच्या दिवाळीआधी सांडू गेला. उस्मानपुऱ्यात खोली घेऊन राहणारा, एकवीस वर्षांचा, दादांचा सगळ्यात लाडका विद्यार्थी. आदल्या दिवशी दादा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "तयार हाय पोरगं. उद्या एकट्याला जाऊ द्या." उतरायच्या आधीच्या वळणावर त्यानं विमानाचं नाक जास्त वर घेतलं. मी दादांच्या शेजारी उभा होतो. विमान अजून वरच होतं, पण दादांचा उजवा हात हवेत पुढं ढकलायला लागला, नाक खाली कर, खाली कर म्हणून. ते ओरडले नाहीत. नुसता हात ढकलत राहिले. विमान एका कुशीवर पडलं आणि धूळ उठली. हात अजून पुढंच होता.

दादा रडले नाहीत. सांडूच्या वडलांच्या पायाशी जाऊन बसले, आठ दिवस क्लबात आले नाहीत, आणि मग आले ते पहिल्यासारखेच बोलत आले. शिकवायचं मात्र सोडलं. एका सकाळी ते स्टुलावर झाडू घेऊन बसले असताना साळूबाई आली आणि पहिल्यांदाच भांडली नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, "मुंजाबा, दादाच्या हाताकडं पाह्य. दांडा मोडू लालेत ते." बोटांची पेरं पांढरी पडली होती.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही होतं. पण कळणं वेगळं आणि मालकाला तोंडानं सांगणं वेगळं.

चीनची लढाई नुकतीच थांबली होती. जवानांच्या निधीसाठी त्रेसष्टच्या फेब्रुवारीत क्लबनं कसरतींचा कार्यक्रम ठरवला. पत्रकं वाटली, मंडप ठरला. तात्यासाहेब, ज्यांनी मुलाचं विमान कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं, ते यायला कबूल झाले. जानेवारीत सराव सुरू झाला. पहिल्या दिवशी उतरल्यावर मी झाकण सोडलं, उलटं केलं. काळं होतं. एक-दोन डाग नव्हेत, मधोमध फासल्यासारखी माती.

दादा आले नाहीत बघायला. पंखाला टेकून, पाठ माझ्याकडं करून उभे राहिले आणि तिथूनच विचारलं, "कसं हाय रं?"

मी कापड झटकलं. म्हणालो, "कोरं हाय, दादा."

हे मी का बोललो? चाळीस वर्षं झाली, मी स्वतःलाच उत्तरं देतोय. एक उत्तर असं की, भीती ही भीतीवरच पोसते. डाग दाखवला तर हात आणखी घट्ट होईल, कोरं म्हटलं तर मोकळा होईल, असं मला खरंच वाटलं. दुसरं उत्तर असं की, ज्यांच्या रानात आमच्या बापजाद्यांची मेंढरं बसली, त्यांना 'तुमचा हात कापतोय' म्हणायला माझी जीभ उचलेना. गमतीत सांगणं सोपं होतं. खरं सांगायची वेळ आली तेव्हा मी पुन्हा मेंढक्या झालो. तिसरं उत्तर मला आवडत नाही. मला तो कार्यक्रम हवा होता. आपल्या दादांचं काम साऱ्या जिल्ह्यानं बघावं असं वाटत होतं. मी खरं बोललो असतो तर ते उडाले नसते, आणि खोटं बोललो तर ते जिवानिशी जाऊ शकतात, हे विमानाला हात लावणाऱ्या माणसाला न कळण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या सरावालाही तेच. तिसऱ्या वेळी मी 'कोरं' म्हणालो तेव्हा दादा म्हणाले, "नीट पाह्य."

"पाह्यलं, दादा."

"पुन्यांदा पाह्य, मुंजा."

मी कापडाची घडी घातली होती. "पाह्यलं. कोरं हाय."

ते पंखापासून बाजूला झाले. मग म्हणाले, "बरं."

कार्यक्रमाच्या दिवशी ऊन छान पडलं होतं. शेंद्र्यापर्यंत ज्वारी उभी होती. मंडपात पुढच्या रांगेत तात्यासाहेब फेटा बांधून बसलेले. दादा आदल्या रात्री घरी करमाडला मुक्कामी होते, सकाळी मोटारीनं आले. मी झाकण बांधलं, पट्टे आवळले. सीटवर चढायच्या आधी एक पाय पंखावर ठेवून ते थांबले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "मुंजा, जाऊ का आज?"

सात वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

मी म्हणालो, "जा की दादा. सगळा जिल्हा आलाय."

पहिला लूप उंचावर झाला, हिसक्यानं. इंजिन खोकलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा त्यांनी खाली घेतला. डोक्यावरून विमान उतरायला लागलं आणि मला दिसलं की ते फार लवकर, फार जोरानं ओढतायत. पंखांनी हवा सोडली. विमान नाक वर करून खालीच आलं, धावपट्टीच्या पलीकडं ज्वारीत. टाळ्या अजून चालू होत्या. लोकांना वाटलं, हाही खेळातलाच भाग. तात्यासाहेब मात्र आधीच उठून उभे राहिले होते.

तेराव्यानंतर मी करमाडला गेलो. दादांच्या पत्नीपुढं कबूल करायला गेलो होतो. वाटेत बसमध्ये वाक्य जुळवून ठेवलं होतं. वैनी, मी तीनदा खोटं बोललो. एवढंच म्हणायचं होतं. मग त्यांनी जोडे मारले असते तरी मी खाल्ले असते.

चतुराबाई वैनी दारातच भेटल्या. मला बघून त्यांनी पाट टाकला, पाणी दिलं. मी तोंड उघडलं तर त्याच आधी बोलल्या. कितीतरी दिवसांत त्यांना बोलायला कुणी भेटलं नसावं.

"मुंजाबा भाऊ, शेवटच्या राती ते झोपलेच नाय. हात कापतोय म्हन्ले. म्या म्हन्लं, मग नका जाऊ, सांगून टाका त्या लोकायला. तर म्हन्ले, मव्हं मला कसं सांगता येईल? तात्या येऊ लालेत, पत्रकं वाटलीत. पण मुंजा एकदा नाय म्हनला ना, चतुरा, की मी सोडून देतो. कायमचं. घरी येतो, नांगर धरतो. तेवढं एकच माणूस मला खरं सांगतंय. मी रोज इचारतो त्याला, तो कोरं म्हन्तोय. उद्या निघताना पुन्हा इचारतो."

मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"तुमी जा म्हन्ले म्हंजे त्या दिवशी हात बरा असंल त्यांचा," वैनी म्हणाल्या. "नशिबातच नव्हतं, दुसरं काय. म्या तात्याला बी तेच सांगते. मुंजाबा भाऊ व्हते ना तिथं, म्हनून मला घोर नव्हता."

त्यांनी माझ्यासमोर चहाची कपबशी ठेवली. जुळवून आणलेलं वाक्य माझ्या तोंडात होतं. मी ते गिळलं. चहा प्यायलो, कपबशी पालथी घातली आणि म्हणालो, "व्हय वैनी. हात बरा व्हता."