प्रयागच्या हाताच्या गवऱ्या

माझी बायको प्रयाग गवरी थापली की शेवटी तिच्यावर उजव्या हाताचा पंजा दाबायची. पाची बोटं मोकळी उमटायची. बाकी बाया कशाही थापतात. हिची गवरी गावात कुणीही ओळखावी. परंड्याहून सोनारीकडं जाताना आमचं गाव लागतं. तिथं आमच्या घरामागं तिचा गवऱ्यांचा हुडवा रचलेला असायचा, दरवाज्याएवढा उंच.

मी चौथी शिकलेला माणूस. वाईट दिसेल ते लिहितो, झाकत नाही.

पाच-सहा वर्षांमागं तिच्या गवऱ्या बिघडल्या. करंगळी उमटेना, मग तिच्या शेजारचं बोट. मी बोललो, "कोंबडीनं पाय दिल्यावानी गवरी. झोपेत थापती काय?"

ती म्हणाली, "जळायला का बोटं लागत्यात? जळंल की."

सकाळी तिचे हात उघडायचे नाहीत. तांब्या धरवत नव्हता. दुपारी बाई बरी दिसायची, म्हणून मला वाटायचं, सोंग आहे. काही सांगितलं की म्हणायची, "थांबा, हाताला इचारते." मी चिडायचो. दोन वर्षं मी तिला कामचुकार म्हणालो. सुनेसमोर म्हणालो. पुढं तिनं गवऱ्या थापायच्याच सोडल्या, सून थापू लागली.

शेवटी गल्लीतल्या आशाताईनं तिचा हात हातात घेऊन बघितला. सांधे बोरासारखे फुगलेले, गरम. मला म्हणाली, "मामा, मामीला हट्ट न्हाय, दुखणं हाय. उद्याच्या उद्या बार्शीला न्या."

प्रयाग हसली. "माझ्या गवऱ्या मसणात गेल्या, आता कशाला दवाखाना?"

"मसणात जाईस्तोवर तांब्या तरी धरा की," आशाताई म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः एसटीत बसली.

बार्शीच्या डॉक्टरीणबाईनं रक्त तपासलं. म्हणाली, हा म्हातारपणाचा वात नाही, हा सांधे आतून खाणारा संधिवात. गोळ्यांनी थांबतो. पण वाकलेलं सगळं सरळ होईल असं नाही. मग माझ्याकडं बघून विचारलं, "आजोबा, इतके दिवस का नाही आणलं?"

प्रयागच बोलली, "यांला काय ठावं, बाई? म्याच सांगितलं न्हाय."

तिनं सांगितलं होतं. रोज सांगितलं होतं.

एक गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची होती, चुकून रोज घ्यायची नाही असं बाईनं तीनदा बजावलं. आम्ही रविवार धरला, भैरवनाथाचा वार, म्हणजे विसर पडायचा नाही. रोज सकाळी मी पाणी कोमट करायचो, तिचे हात त्यात धरायचो, एकेक बोट हळू उघडायचो. चाळीस वर्षं संसार केला, पण असा हात कधी धरला नव्हता. शेजारच्या बाया कुंपणावरून हसायच्या, "मामा, नवं लगीन झालं व्हय?"

प्रयाग म्हणायची, "व्हय गं. पैल्या वक्ताला नवरीचा हात बघायचाच ऱ्हायला हुता."

चार-पाच महिन्यांत सूज उतरली. ती तांब्या धरू लागली, पदर स्वतः खोचू लागली. एके दिवशी परसातून हाक आली, "अवो, हिकडं या." बघतो तर ओली गवरी, तिच्यावर चार बोटं. करंगळी वाकडीच राहिली होती.

"हाताला इचारलं," ती म्हणाली. "व्हय म्हनला."

त्यानंतर दोन हिवाळे तिनं गवऱ्या थापल्या. सून नको म्हणायची. ती म्हणायची, "थापू दे गं, लई दिस हात मुका हुता."

गेल्या थंडीत तिची छाती भरली. तीन दिवस दवाखान्यात होती, चौथ्या दिवशी गेली. त्या सकाळीही मी तिची बोटं उघडली होती. सहज उघडली.

सरणाला गवऱ्या लागतात. पोरं ट्रॅक्टर घेऊन परसात आली आणि हुडवा वरून उतरवू लागली. मी ओट्यावर बसून बघत होतो. वरच्या गवऱ्यांवर चार चार बोटं. त्या संपल्या, खाली सुनेच्या, साध्या. घरात गॅस आल्यापासून हुडवा तळापर्यंत कधी संपलाच नव्हता. त्यामुळं अगदी खाली, जमिनीला, त्या निघाल्या. कोंबडीचा पाय दिल्यासारख्या.

मी उठलो. म्हणालो, "थांबा. ह्यातली एक ठेवा."

मुलगा रडत होता. म्हणाला, "आबा, ठेवायची तर वरची चांगली ठेवा की. ही मोडकी कशाला?"

वरच्या तिच्याबरोबर जाऊ दिल्या. ही मोडकी मी घरात आणली, माझ्या उशाशी ठेवली. तीन बोटं आहेत, तीही अर्धी. दोन वर्षं ती हे परसात लिहून ठेवत होती, आणि मला चौथीपर्यंतचं वाचता येत होतं.

आता रोज सकाळी मी त्या बोटांवर माझी बोटं ठेवतो. ती उघडत नाहीत.