झुलपांमागचे डोळे

पुण्याजवळच्या एका कुत्रेवाल्यानं मला फसवलं. नजर जात चाललेली कुत्री त्यानं मला धडधाकट म्हणून विकली, आणि विकताना त्याला ते माहीत होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या भागात ही हकिकत सांगायला घेतली की ऐकणारा अर्ध्यातच हसतो आणि म्हणतो, "शेळ्याचे व्यापारी असून तुमी फसलात?"

हो, फसलो. दुसऱ्यांच्या शेळ्या बाजारापर्यंत हाकत न्यायच्या, या कामापासून मी सुरुवात केली. आज धारूरच्या डोंगराखाली माझं स्वतःचं रान आहे, शेड आहे, उस्मानाबादी शेळ्यांचा कळप आहे. जनावर समोर आलं की मी आधी दात बघतो, मग पाठीवरून हात फिरवतो, मग चार पावलं चालवून बघतो. युसूफ वडगावच्या बाजारात मी शेळीचं तोंड उघडलं की विकणारा आपोआप गप्प होतो. शेळीचे डोळे मात्र कधी तपासावे लागत नाहीत. ते दोन्ही बाजूंना उघडेच असतात, न बघता दिसतात.

कुत्रीची गरज पडली ती माणसांच्या टंचाईमुळे. दिवाळी झाली की आमच्याकडची निम्मी माणसं ऊसतोडीला जातात. उरतात ती म्हातारी. शेळ्या वळायला कुणी मिळत नाही, आणि शेळी हे जनावर असं की एक डोळा चुकला की शेजाऱ्याच्या हरभऱ्यात. मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला होता. अंगभर केस असलेलं विलायती कुत्रं एकटं एवढा मोठा मेंढ्यांचा कळप वळवतंय, तेही न चावता. मी बायकोला दाखवला. ती म्हणाली, "आवो, हे कुत्रं हाय का चालती गोधडी?" पण मनात बसलं ते बसलंच.

चौकशी करत त्या माणसाकडं पोचलो. मोठं कुंपण, आत पिंजऱ्यांच्या रांगा. त्यानं ही कुत्री बाहेर आणली. राखाडी-पांढरी, गुडघ्याच्या बरीच वर, कपाळावरची झुलपं थेट नाकापर्यंत आलेली. ती सरळ माझ्याजवळ आली, धोतराचा वास घेतला आणि खांद्यानं मला हळूच रेटलं. त्याच क्षणी मला ती आवडली, आणि आवडलेलं तोंडावर दिसू द्यायचं नाही हे मला कळत असल्यामुळे मी तोंड वाकडं केलं.

"हिला दिसतं तरी का एवढ्या केसांतून?" मी विचारलं.

"काका, जातच तशी आहे," तो हसत म्हणाला. "अंगावरचे केस कधी भादरू नका, त्यांच्यामुळेच ऊन लागत नाही. आणि डोळ्यांवरचे तर हलवूसुद्धा नका. उजेड सोसत नाही यांना."

मी दात बघितले. पांढरेशुभ्र. हिरड्या लाल. पाठ सरळ, चारही पाय नीट. वय वर्षाचं सांगितलं, ते मला पटलं. मग भाव सुरू झाला. आमच्या बाजारात सौदा रुमालाखाली होतो. समोरच्याची बोटं आपल्या हातात असतात, तोंडानं तो काही का बोलेना, बोटं ढिली पडली की कळतं. इथं सगळं तोंडी. मी एकदा नाही म्हणालो, तो उतरला. मी उठून उभा राहिलो, तो आणखी उतरला. गाडीत बसताना मला वाटत होतं, पुण्याच्या माणसाला लोळवलं. आता वाटतं, त्याचा हात माझ्या हातात असता तर मला तिथंच कळलं असतं.

तिला नाव ठेवलं नाही. नुसतं "ये" म्हटलं की यायची. पहिले काही दिवस शेळ्या तिला बघून बुजायच्या. मग त्यांना कळलं की ही चावत नाही. ती बाजूनं जाऊन खांद्यानं ढकलते, ऐकलं नाही तर पुढं जाऊन आडवी उभी राहते, आणि एखादं करडू मागं राहिलं की तिला चैन पडत नाही. घरी पाहुणे आले आणि अंगणात पांगले तर त्यांनाही रेटत रेटत एका बाजेभोवती आणायची. माझे साडू एकदा चिडले. "आरं, मी काय शेळी हाय का बे?" बायको पदर तोंडाला लावून आत पळाली.

तिचं करणं मात्र सोपं नव्हतं. रानातून आली की अंगात गोखरू, कुसळं, काटक्या. केसांच्या गाठी व्हायच्या, गाठीखाली कातडी लाल पडायची, कानामागं गोचीड बसायचे. बायको रोज ओट्यावर बसून तारेच्या ब्रशनं तिचे केस विंचरायची, आधी बोटांनी गाठ सोडवायची, मग ब्रश. उन्हाळ्यात लिंबाखाली ओलं गोणपाट अंथरायचो. दुपारी तिला बाहेर काढायचं नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. ताकात कुस्करलेली भाकरी आणि अंडं, यावर ती खूश. डोळ्यांवरची झुलपं आम्ही दोघंही बाजूला करत नव्हतो. कुत्रेवाल्यानं सांगितलं होतं ना.

मग ती फाटकाला धडकायला लागली. एकदा पाण्याच्या हौदात पाय घातला. दिवस मावळला की जागच्या जागी उभी राहायची, पाऊल टाकायची नाही. मी तिच्यावर ओरडायचो. मला वाटायचं, आयतं खाऊन माजली.

एके दिवशी बायकोनं विंचरता विंचरता तिची झुलपं वर घेतली आणि रबर लावून लहान मुलीसारखी शेंडी बांधली. मला हसत हाक मारली. मी गेलो. कुत्रीचे डोळे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. तपकिरी, मोठे, आणि आतून काचेसारखे चमकणारे. बायकोनं भाकरीचा तुकडा तिच्यासमोर धरला, डावीकडं नेला, उजवीकडं नेला. डोळे जागचे हलले नाहीत. नाक तेवढं तुकड्यामागं फिरत होतं.

बायकोचं हसू थांबलं. "आवो, हिला दिसत न्हाई."

"काहीतरी बोलू नको," मी खेकसलो. "रोज शेळ्या वळती की ती."

"शेळ्याच्या गळ्यातल्या घंट्याच्या आवाजावर वळती. बघा तुमीच."

मी अगदी डोळ्यापर्यंत बोट नेलं. तिनं पापणी हलवली नाही. उलट माझं बोट चाटलं.

अंबाजोगाईला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी बारक्या बॅटरीनं दोन्ही डोळ्यांत बघितलं, बराच वेळ. म्हणाल्या, "काका, डोळ्याच्या मागचा पडदा वाळत चाललाय. आधी अंधारात दिसेनासं होतं, मग उजेडातही. आई-बापाकडून येतं हे. औषध नाही, ऑपरेशन नाही." मी म्हणालो, वर्षाची तर आहे. त्यांनी तिचा ओठ वर केला. "चार-पाच तरी असेल. कुत्र्याचे सगळे दात वर्षाच्या आतच येतात, शेळीसारखं दात मोजून वय कळत नाही. दात घासून दिलेत कुणीतरी."

मग मी त्यांना ते केसांचं विचारलं. त्या म्हणाल्या, अंगावरचे भादरू नका हे खरं आहे. डोळ्यांवरचे बाजूला केले तर काही बिघडत नाही.

खऱ्यात खोटं कालवून दिलं होतं त्यानं. बाहेर येऊन तिथंच फोन लावला. आधी त्याला आठवेचना. मग म्हणाला, "काका, जिवंत जनावर आहे, होतं असं."

"हिच्या आई-बापाला काय होतं?"

"ते मस्त आहेत. परवाच पिल्लं झाली. हवं तर एक देतो, तुमच्यासाठी कमी करून."

मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "तुम्ही तर दात बघून घेतली होती ना?" आणि ठेवला. त्यानंतर तो माझा फोन उचलत नाही.

बाजारात गेलो तर तिथं बातमी आधीच पोचलेली. एक जुना जोडीदार चहाच्या गाड्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "कावून एवढं मनाला लावून घ्यायलास? नांदूरघाटला एक जण इचारत होता असलं कुत्रं. शेंडी सोड, झुलपं पुढं घे, देऊन टाक. कुणाला कळतंय?" मी त्याची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं. तो बिचारा शर्ट नीट करत म्हणत राहिला, "आरं, मी तुझ्या भल्याचं सांगितलं." धंद्याच्या हिशेबानं त्यानं वावगं काही सांगितलं नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला.

आता तर तिला उजेड-अंधारही कळत नाही. माझ्या रानात विहीर आहे, बिनकठड्याची. भोवती बाभळीच्या काट्या रचल्या, तर वारा त्या उडवतो आणि शेळ्या पाल्यासाठी ओढून नेतात. कठड्याचं काम सुरू केलं आणि गवंडी ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघून गेला. म्हणून तिला बांधतो. सकाळी कळप निघाला, घंट्या वाजायला लागल्या, की ती साखळीच्या टोकाला जाऊन उभी राहते. भुंकत नाही. नुसती थरथरते. घंट्या लांब जातील तसं तिचं तोंड त्या दिशेला वळत जातं. बायकोला ते बघवत नाही, ती म्हणते, सोडा. सोडलं की माझा जीव विहिरीपाशी. मग मी स्वतः साखळी हातात धरून तिच्याबरोबर कळपामागं जातो. ती ओढते, मी आवरतो. कुत्री वळते शेळ्या, आणि मी वळतो कुत्रीला. परवा एक करडू विहिरीच्या अंगाला गेलं. घंटी ऐकून तिनं असा हिसडा दिला की साखळी माझ्या हातातून सुटली. काठापासून हातभर अंतरावर मी तिच्या अंगावर पडलो म्हणून वाचली. ती माझ्याखालून मान काढून करडाकडंच कान लावून होती.

मला व्यवहार मोडायचा नाही. कुत्री मी परत देणार नाही, दिली तर तो तिला दुसऱ्याच्या गळ्यात मारेल. पण तिकडं त्या कुंपणात तीच जोडी पुन्हा पिल्लं घालते आहे, आणि ती पिल्लं घ्यायला गाड्या उभ्या राहत असतील. ती जोडी लावणं त्यानं आजच्या आज बंद करावं. आणि एकदा माझ्या रानात यावं. सकाळी, कळप निघायच्या वेळी. ही साखळी मी त्याच्या हातात देणार आहे, आणि घंट्या लांब जाईपर्यंत ती त्यानं धरून ठेवायची. मग माझ्या बायकोसमोर उभं राहून सांगायचं, की त्याला माहीत होतं आणि तरी त्यानं का विकली. फोनवर नाही. इथं येऊन. जवाब दे.