गाईची पाल

माझी एम.कॉम.ची पदवी आमच्या दिवाणखान्यात काचेच्या चौकटीत टांगलेली आहे आणि तिच्यामागे एक पाल राहते.

तिला 'पाल' म्हणतात हे मला अगदी परवापरवा, डोक्यावरचे केस विरळ झाल्यावर कळलं. आम्ही कुंभकोणमचे मराठी. तीनशे वर्षांपूर्वी पूर्वज तंजावरच्या राजांच्या चाकरीत इकडे आले आणि परतीचा विषय पुढे कुणी काढला नाही. एवढा काळ तमिळ मुलखात काढल्यावर भाषेत थोडी सरमिसळ होणारच. भिंतीवरच्या त्या प्राण्याला आम्ही इथल्या लोकांसारखं 'पल्ली' म्हणतो. आणि 'पाल'? तमिळमध्ये पाल म्हणजे दूध. आमच्या घरी देवाच्या अभिषेकाला दूध लागतं. तेच काफीत किंवा पेल्यात पडलं की त्याची पाल होते. का, ते विचारू नका. आजोबांपासून तसंच आहे.

माझी मुलगी रुक्मा पुण्यात संगणक इंजिनीअर आहे. तिथं तिचं निनाद नावाच्या मुलाशी जमलं. "अप्पा, लग्न करीन तर ह्याच्याशीच," असं तिनं सांगून टाकलं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं. आता त्याचे आई-वडील सांगलीहून आमचं घर पाहायला येणार होते. मी निनादच्या वडिलांशी, आनंदरावांशी, फोनवर चार शब्द बोललो आणि लगेच रुक्माचा फोन आला.

"अप्पा, तुम्ही त्यांच्याशी काय बोललात?"

"काय बोललों? 'आपले आगमन केव्हां, तें आम्हांस कळवावें' म्हटलं."

"ते म्हणाले, फोनवर एखादी बखर बोलतेय असं वाटलं! आणि मधेमधे तमिळ कशाला?"

"तमिळ? मी? कोठे?"

"'बरं, बरं' म्हणायचं सोडून 'सेरी, सेरी' कोण म्हणत होतं?"

"अय्यो! सेरी मराठी नव्हे?"

पलीकडून फक्त उसासा ऐकू आला. मग ती म्हणाली, "अप्पा, प्लीज. ते लोक फार शिकलेले आहेत. ते येईपर्यंत तुम्ही काही बोलूच नका."

हे मला लागलं. मीसुद्धा एम.कॉम. आहे! (चौकट पाहा.) मी त्याच दिवशी मोबाइलवर एक ॲप उतरवून घेतलं. आपण बोलायचं, आणि ते आपलं बोलणं आजच्या, शुद्ध, सुशिक्षित मराठीत लिहून देतं. मध्ये इंग्रजी शब्द आला तर त्याचंही मराठी करतं. म्हणजे रुक्मानं 'बोलू नका' म्हटलं होतं ते पाळलं जाणार होतं. मी लिहिणार होतो!

माझी बायको कावेरी शाळेत गणित शिकवते. तिचा यंत्रांवर विश्वास आहे, माझ्या हातातल्या यंत्रांवर नाही.

"अहो, मुलीस दाखवून मग धाडा."

"ती कामांत असते. शिवाय तिला चकित करायचं आहे."

"ती होईलच," कावेरी म्हणाली.

मी गळा साफ करून मोबाइलला म्हणालो, "आमचे गांवची डिग्री काफी प्रसिद्ध. आपणांसाठी खास पाल सांगून ठेविली आहे. पहांटे येते, एकदम फ्रेश. आम्ही तीत पाणी मिसळत नाही." (निर्भेळ दुधाच्या दाट काफीला आमच्या गावात डिग्री काफी म्हणतात. ती प्यायला कॉलेजात जावं लागत नाही.)

ॲपनं क्षणात लिहिलं: "आमच्या गावची पदवीधर कॉफी प्रसिद्ध आहे. आपल्यासाठी खास पाल सांगून ठेवली आहे. ती पहाटे येते, एकदम ताजी. आम्ही तिच्यात पाणी मिसळत नाही."

"बघ! 'आपणांसाठी' गेलं, 'ठेविली' गेलं, डिग्रीचीसुद्धा पदवी झाली!" मी कावेरीला म्हणालो. पाल मात्र जागची हलली नाही. यंत्राला तो शब्द अस्सल मराठी वाटला. तो होताच!

मी पाठवून दिलं. सांगलीहून लगेच उत्तर आलं: "पाल??"

दोन प्रश्नचिन्हं म्हणजे दुप्पट उत्सुकता. मी लिहिलं, "होय, पाल. गाईची."

"गाईची??"

"म्हशीची पचायला जड जाते."

मग: "आम्ही घेतली नाही तर चालेल का?"

संकोची माणसं! मी त्यांना धीर दिला, "अजिबात लाजू नका. रुक्मा लहानपणी झोपताना रोज पेलाभर पाल पीत असे. म्हणून तर एवढी हुशार निघाली."

त्यानंतर सांगलीहून एक अक्षर आलं नाही. भारावून गेले असणार, असं मी धरून चाललो.

ठरल्या दिवशी त्रिचीहून टॅक्सी करून दोघं कुंभकोणमात, मेलकावेरी भागातल्या आमच्या दारात उतरली. रुक्मा आदल्या दिवशीच आली होती. निनादला रजा मिळाली नव्हती. आनंदराव रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, नावामागे डॉक्टर. त्यांच्या पत्नी सुमनताई हसऱ्या होत्या, पण खुर्चीच्या कडेला अशा बसल्या की उठून पळायला सोपं जावं. त्यांनी पर्स मांडीवर घट्ट धरली होती.

आता आमच्यातली एक रीत सांगायला हवी. सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांनी काफी घेतली म्हणजे होकार. न घेता उठले म्हणजे नकार. तोंडानं कुणी काही बोलत नाही, सगळं पेल्यावर. मी ही रीतसुद्धा रुक्माकरवी त्यांना आधीच कळवून ठेवली होती. स्वयंपाकघरात काफीचा वास सुटला होता आणि दाराआडून रुक्मा कान देऊन ऐकत होती.

"काफी घ्यावी," मी म्हणालो.

"नको, नको!" दोघं एकदम.

दाराआड भांडं वाजलं.

"थोडकी?"

"प्रवासानं पोट बरं नाही हो," सुमनताई म्हणाल्या.

"मग काफी राहूं द्या! नुसती पाल देतों. ऊन-ऊन! हळद टाकून!"

सुमनताईंनी तोंडाला पदर लावला. आनंदराव घसा खाकरून म्हणाले, "नाही, म्हणजे... कोरी मिळेल का? बिन... त्याची?"

"बिनपालीची?" मी हसलो. "अहो, पाल नसली तर ती डिग्री कसली?"

आनंदराव उठून उभे राहिले. "हे पाहा गोविंदराव, ज्याचा त्याचा आहार असतो. आम्ही कुणाला नावं ठेवत नाही. पण आमच्या निनादला लग्नानंतर सक्ती..."

आणि नेमकी त्याच क्षणी माझ्या एम.कॉम.मागून ती बाहेर आली. शेपटी हलवून तिनं सुमनताईंकडे पाहिलं.

"पाल!" सुमनताई खुर्चीवर चढून ओरडल्या. "पाल! पाल!"

माझा आनंद काय सांगू! मी स्वयंपाकघराकडे हाक मारली, "कावेरी, आण गे लवकर! विहीणबाई स्वतः मागताहेत! मोठा पेला आण!"

कावेरीच्या पुढे रुक्माच ट्रे घेऊन धावत आली. तिनं भिंतीकडे पाहिलं, खुर्चीवरच्या सासूबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अप्पा. मोबाइल."

मी दिला. ती वाचत गेली. 'गाईची'पर्यंत आल्यावर तिनं ट्रे खाली ठेवला. 'पेलाभर'पर्यंत आल्यावर ती स्वतःच फरशीवर बसली. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"काकू, खाली उतरा! पाल म्हणजे दूध! तमिळमध्ये दूध!"

"दूध?" सुमनताई वरूनच म्हणाल्या.

"आणि ती भिंतीवरची?" आनंदरावांनी विचारलं.

"ती पल्ली," मी म्हणालो. "तुम्ही तिला काय म्हणतां?"

त्यांनी सांगितलं. मीही खाली बसलो.

"अहो, पण तुम्ही डॉक्टर," थोड्या वेळानं मी म्हणालो. "तुम्हांस खरंच वाटलं?"

"मी पडताळून पाहिलं ना!" आनंदराव कळवळून म्हणाले. "मोबाइलला विचारलं, दक्षिणेत पालीला मान आहे का? तो म्हणाला, फार मान आहे, देवळातसुद्धा आहे. म्हटलं, देवळात आहे तर प्रसादालाही असेल!"

"मी ह्यांना म्हणत होते," सुमनताई म्हणाल्या, "की सरळ फोन करून विचारा, पाल म्हणजे काय. तर म्हणे, असलं विचारलं की आपण मागासलेले वाटू!"

त्या खाली उतरल्या. पेल्यात वाकून पाहिलं. शंका नको म्हणून चमच्यानं तळापर्यंत ढवळून घेतलं. मग एक घोट, मग दुसरा. आम्ही चौघं त्या पेल्याकडे टक लावून बघत होतो. पेला रिकामा करून त्यांनी रुक्मापुढे धरला.

"पोरी, आणखी थोडी पाल घाल."

लग्न छान झालं. परवा रुक्मा माहेरी आली होती. भिंतीकडे बघून म्हणाली, "अप्पा, आता तरी ती चौकट काढून त्या बयेला हाकला." मी स्टूल घेऊन चढलोही. पण कावेरीनं खालून माझं धोतर ओढलं.

"राहूं द्या हो," ती म्हणाली. "तुमच्या त्या डिग्रीचा आजवर कुणास उपयोग जाला असेल, तर तिलाच."