ठेवायला दिलेल्या वस्तूंचं म्युझियम

म्युझियममध्ये नोकरी म्हटलं की लोकांना वाटतं, बाई निवांत असेल. काचेतल्या वस्तू कुठं काय बोलणार! खरंय, वस्तू नाही बोलत. त्या बघायला येणारी माणसं बोलतात. रोज एक तरी असा नग येतो की संध्याकाळी भाजी चिरता चिरता मी चिडून सांगत बसते आणि नवरा म्हणतो, मला नको सांगू, लिहून ठेव. तर घ्या.

आमचं म्युझियम जिंतूरला, बसस्टँडच्या मागं, तीन खोल्यांचं. हातमागाची लुगडी, गोधड्या, घोंगड्या, सुपं, टोपल्या, बैलांच्या झुली. ड्रॉइंगचे एक रिटायर्ड सर आहेत. त्यांनी वीस वर्षं गावोगाव हिंडून, लोकांच्या दारात उभं राहून एकेक वस्तू मागून आणली. गेटवर गफूरचाचा. रजिस्टर आणि लेबलं माझ्याकडं.

मध्यंतरी संस्थेच्या मुख्य ऑफिसातून पत्र आलं. तपासणी होणार. रजिस्टरातली प्रत्येक वस्तू जागेवर आणि मूळ स्थितीत दिसली नाही, तर सगळा संग्रह शहरातल्या मोठ्या म्युझियममध्ये हलवणार. सर त्या दिवशी जेवले नाहीत. मी 'हात लावू नये'च्या अकरा पाट्या छापून आणल्या. आमच्या जिल्ह्यात ही पाटी वाचायला लोक वस्तूवर हात टेकवून वाकतात, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

* * *

ताडकळसहून बचतगटाच्या बायका आल्या. पंचवीस-तीस जणी. गोधड्या बघून झाल्या, लुगड्यांवर चर्चा झाली, आणि सुपापाशी गाडी अडली. त्यातल्या एक मावशी म्हणाल्या, सूप चांगलंय, पण सारवलेलं न्हाई, भोकं पडलीत. मी सांगितलं, मावशी, ते साठ-सत्तर वर्षांचं आहे, तसंच ठेवायचं असतं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच ते इतकी वर्षं वापरून सारवायचं टाळलं होतं.

पुढच्या आठवड्यात मावशी एकट्याच परत आल्या. पिशवीत स्टीलचा डबा. मला वाटलं दशम्या असतील. मी फोनवर होते, पाच मिनिटं फार तर. येऊन बघते तर मावशींनी भिजवलेली मेथी आणि कागद वाटून केलेला लगदा सुपाला आतून-बाहेरून लावून सुद्धा झाला होता! वर ते पंख्याखाली वाळत ठेवलं होतं.

मी कपाळाला हात लावला. त्या डबा बंद करत म्हणाल्या, "राहू द्या, पैसे न्हाई घेत मी याचे."

* * *

घोंगड्यांच्या खोलीत काच नाही. एक जाड काळी घोंगडी आम्ही लाकडी चौथऱ्यावर अंथरून ठेवलेली आहे. चैत्रातली दुपार होती. एक म्हातारे धनगरबाबा आले, घोंगडीवरून हात फिरवला, वीण तपासली, पसंत केली आणि आडवे झाले.

मी आले तेव्हा घोरत होते. उशाला माझी पाटी. मी चाचांना हाक मारली, उठवा म्हटलं. चाचा गेले, बघितलं, पंखा एक नंबरनं वाढवला आणि परत येऊन बसले. मला म्हणाले, बेटी, घोंगडी कशाला असते ते एकटे तेच ओळखलेत. तेवढ्यात शाळेची सहल आली. मुलं शिस्तीत रांगेनं त्यांच्याभोवती फिरली. एका मुलीनं मला हळूच विचारलं, "हे आजोबा पण जुने हायेत का?"

* * *

लमाणी कशिद्याच्या घागऱ्याची गोष्ट अशीच. आरशाचं काम, कवड्या, मी स्वतः दोन पानी माहिती टाइप करून लावली होती. जवळच्या तांड्यावरची एक बाई ऊसतोडीला निघण्याआधी बाजाराला आली होती, ती डोकावली. चाचांनी तिकीट मागितलं. तिनं आत बघितलं, स्वतःच्या अंगावर बघितलं आणि म्हणाली, "आत जे हाय ते मी घालून आलेय. तुमीच मला बघा की."

चाचांनी तिला तसंच आत सोडलं. तिनं काचेतला घागरा निरखला आणि मला सांगितलं की तो तुम्ही उलटा टांगलाय. मी रजिस्टर काढलं, सरांचा जुना फोटो काढला. उलटाच होता. तीन वर्षं!

* * *

पण खरा ताप दात्यांचा. आमच्याकडं वस्तू दान देत नाहीत, ठेवायला देतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी एक शेतकरी थेट बैल घेऊन गेटवर आला. झूल द्या म्हणाला. मी म्हटलं, दादा, ती म्युझियमची आहे, तुम्हीच दिली ना? तो म्हणाला, "दिली न्हाई ताई. ठेवायला दिली. घरी उंदरं लय झालते."

मी नियम सांगत होते तोवर सर मागच्या दारानं झूल घेऊन बाहेर! चार दिवसांनी ती परत आली, गुलालानं माखलेली आणि किनारीला नवीन घुंगरं लावलेली. मी नवीन लेबल टाइप करायला बसले, तर 'मूळ स्थिती'च्या पुढं काय लिहायचं ते सुचेना. सरांशी दोन दिवस बोलले नाही.

* * *

आणि तपासणी ठरल्या तारखेच्या एक दिवस आधी आली.

मॅडम मुख्य ऑफिसच्या. हातात पेन, हसणं नाही. रजिस्टरातली एकेक ओळ वाचायच्या, वस्तू बघायच्या, टिक करायच्या. सारवलेल्या सुपापाशी आणि घुंगरांच्या झुलीपाशी जरा रेंगाळल्या, पण टिक झाली. दोन खोल्या पार पडल्या. तिसऱ्या खोलीत एका काचेपुढं थांबल्या. "चार पिढ्यांच्या लुगड्यांचं दुपटं. कुठंय?"

काच रिकामी. कुलूप शाबूत. मी सरांकडं बघितलं. सर खिडकीकडं.

चाचाच बोलले. "बारशाला गया मॅडम. चारठाण्याला."

दुपटं ज्यांनी ठेवायला दिलं, त्या घरची रीत आहे, लेकरू पहिल्यांदा पाळण्यात घालायचं ते त्याच दुपट्यात गुंडाळून. सरांनी सकाळीच देऊन टाकलं होतं. माझ्या डोळ्यांपुढं टेम्पो उभा राहिला, त्यात चढवलेल्या आमच्या सगळ्या पेट्या. इतका राग आला होता मला सरांचा, आणि तितकंच वाईटही वाटत होतं.

मग सर बोलले. "मी प्रत्येकाला शब्द दिलाय, लागेल तेव्हा न्या म्हणून. त्याशिवाय कोणी काही दिलंच नसतं, मॅडम."

म्हणजे इतकी वर्षं गेटवर ज्यांच्याशी मी भांडत होते, ते सगळे बरोबर होते!

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "वस्तू प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मला सही करता येत नाही." सर खुर्चीत बसले. मॅडमनी घड्याळ बघितलं. "बारसं किती वाजता आहे?"

त्यांच्याच जीपनं आम्ही चारठाण्याला गेलो. पाळणा सजलेला, बायका जमलेल्या. आम्ही कोण, कशाला आलो, कोणी विचारलं नाही. घरच्या सासूबाईंनी मॅडमना कुंकू लावलं, पाटावर बसवलं आणि त्या काही बोलायच्या आत दुपट्यासकट बाळ मांडीवर दिलं. मॅडमनी एका हातात रजिस्टर धरलं, दुसऱ्या हातानं दुपट्याचा काठ उलटून मी शिवलेला नंबर शोधला. नंबर सापडला. मग त्या एकदम ताठ बसल्या.

महिन्यानं रिपोर्ट आला. संग्रह जिंतूरलाच ठेवावा. सरांनी तो कागद मला मोठ्यानं वाचायला लावला. सोबत रजिस्टरची प्रत होती, आणि दुपट्याच्या ओळीत मॅडमच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं:

"ठिकाण: चारठाणा. प्रत्यक्ष पाहिले: होय. स्थिती: ओले."