शकूअक्काची करवंद-साय

दुपारी जेवण झालं की मी आरामखुर्चीत आडवा होतो आणि कवळी काढून पाण्याच्या वाटीत ठेवतो. दात बाजूला काढून ठेवले की माणूस बराच सज्जन होतो. माझी उभी हयात वर्तमानपत्राच्या रविवारच्या पानावर कुणाला ना कुणाला चावण्यात गेली, तेव्हा हे मी अनुभवाने सांगतोय. आता निवृत्त आहे. पाचगणीत दाजींच्या घरी राहतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शकूअक्काचे यजमान. अक्का गेल्या वैशाखात गेली. घरात उरलो आम्ही दोन म्हातारे आणि एक मांजर. आम्हा दोघांतला फरक मांजराला अजून कळलेला नाही. मलाही आरशासमोर कधीकधी शंका येते.

आमच्याकडे अशी रीत आहे की बायको गेली तर तिच्या माहेरच्यांनी जावयाचं तोंड गोड करायचं. त्याशिवाय दुखवटा सुटत नाही. अक्काचं माहेर म्हणून आता मी एकटाच शिल्लक आहे. तेराव्याला मी श्रीखंडाची वाटी पुढे केली, दाजींनी हात जोडले. दिवाळीला करंजी, हात जोडले. संक्रांतीला तिळगूळ, त्यालाही नमस्कार. इतके नमस्कार मला माझ्या सत्कारातसुद्धा मिळाले नव्हते.

"दिगू," ते म्हणाले, "गोड खाल्लं म्हणजे संपलं ना रे ते. मला संपवायचं नाही."

तेव्हापासून चहासुद्धा बिनसाखरेचा. अंगावरचा सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसायला लागलाय. मग परवा दारात करवंदवाली आली. दाजी पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "शकू करवंद-साय करायची." वर्षभरात त्यांनी खाण्याच्या वस्तूचं नाव पहिल्यांदाच काढलं होतं. मी सगळी पाटी घेतली. काल करवंद-साय केली. दाजींनी वाटीत वाकून पाहिलं आणि वाटी हळूच माझ्याकडे सरकवली.

"हे श्रीखंड आहे, दिगू."

म्हणून आज पुन्हा करायची आहे. करवंदं साखरेत मुरत ठेवलीत. सायीचं पातेलं थंड पाण्यात ठेवलंय. काल नेमकं काय चुकलं, ते सांगू शकणारी एकच व्यक्ती होती, आणि तिने ते कुठे लिहून ठेवलेलं नाही.

मी डोळे मिटतो. पंखा घरघरतोय. ती घरघर हळूहळू जड होत जाते, ओली होते, आणि माझ्या लक्षात येतं की हा पंखा नाही, रवी आहे. स्वयंपाकघरात जमिनीवर शकूअक्का बसली आहे. पदर खोचलेला, पातेलं दोन पावलांत धरलेलं.

"अक्का," मी म्हणतो, "तू गेलीयस ना?"

"गेलेय. म्हणून काय साय नासू द्यायची?" ती मान वर करते. "दात कुठायत तुझे?"

"वाटीत."

"लिहायला लागायच्या आधी काढले असतेस तर किती लोकांना झोप लागली असती."

ती हसते. तिच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट आहे. लहानपणी त्या फटीतून ती शिट्टी वाजवायची आणि मार मी खायचो. ती कालची वाटी उचलते, बोट बुडवते, चाखते.

"पुरणयंत्रातून काढलंस?"

"हो."

"किती वेळा?"

"एकदा." ती बघत राहते. "बरं, परत एकदा. आणि शेवटी फडक्यातून. गुठळी राहू नये म्हणून."

"आणि रंग?"

"सगळीकडे एकसारखा. शाळेच्या गणवेशासारखा."

"मग ह्यांचं काय चुकलं? श्रीखंडच आहे की हे!" ती वाटी बाजूला ठेवते. "आपल्या माणसांना दुसरं काही सुचतच नाही बघ. पांढरं दिसलं की घोट, घोटलं की गाळ, गाळलं की वर वेलदोडा. वेलदोडा घातलास का रे?"

मी छताकडे बघतो.

"घातलास. चल ऊठ."

मी उठतो आणि स्वयंपाकघराची मागची भिंत तिथे नसते. लांबच लांब टेबलं आहेत, त्यांवर बाकं उलटी टाकलेली. ही निवासी शाळेची मेस आहे, जिथे अक्काने मुलांना वाढता वाढता केस पांढरे केले. दूरच्या टोकाला खिडकीपाशी मिस पेटन मोजे विणत बसल्यात. या तिच्या जुन्या गोऱ्या मुख्याध्यापिका. त्यांनाही जाऊन फार वर्षं झाली, पण अक्काची मेस अजून बंद झालेली नसल्यामुळे त्या जेवणासाठी थांबलेल्या दिसतात.

हा पदार्थ मूळचा त्यांचा. त्यांच्या गावाकडे कसल्याशा हिरव्या आंबट फळाचा करायचे. ते फळ इथे मिळेना, तेव्हा अक्का डोंगरउतारावरून ओटीत करवंदं घेऊन आली. भट्टी नको, तवा नको, चूल पेटवायचीसुद्धा नाही. इंग्रजीत याला 'फूल' म्हणतात, म्हणजे मूर्ख. ज्या कच्च्या मालावर मी जन्मभर पोट भरलं, तोच हे लोक काचेच्या वाटीत घालून चमच्याने खात होते. गुपचूप आणि साखर घालून. आम्ही नुसतीच आरडाओरड केली.

"करवंदं बोटांनी चिरड," अक्का सांगते. "बिया काढ. सालं राहू देत. आता साय बघ. बोट फिरवलं की रेघ राहिली पाहिजे. राहिली?"

"राहिली."

"आता ओत त्यात. चमचा खालून वर आण. असा. परत एकदा. झालं, हात काढ."

मी पातेल्यात पाहतो. पांढऱ्या सायीत जांभळ्या शिरा धावतायत, कुठे गडद, कुठे फिकट, कुठे साय नुसती कोरीच.

"अक्का, हे अर्धवट राहिलं."

"राहू दे."

"पण एकजीव कुठे झालं?"

"नाही करायचं एकजीव. एका घासाला नुसती साय लागली पाहिजे, दुसऱ्या घासाला डोळा मिटावा इतकं आंबट. काय येणार ते खाणाऱ्याला आधी कळता कामा नये."

मला राहवत नाही. मी चमच्याचा अजून एक फेरा मारायला जातो आणि ती माझ्या मनगटावर चापट देते. खिडकीपाशी विणकाम थांबतं.

"नो घोटिंग!" मिस पेटन ओरडतात. मराठीतला तेवढाच एक शब्द त्यांनी आयुष्यात उचलला आणि त्यालाही शेपूट लावलं.

"लहानपणापासून तुझं हेच," अक्का म्हणते. "लेख संपला तरी तुझं एक वाक्य शिल्लक असायचं."

"लोक त्या वाक्यालाच हसायचे."

"आम्ही घरातले त्याच्या आधीच उठायचो."

चमचा माझ्या हातात आहे, पण टेबलाची लाकडी कड आता लोखंडाची आहे आणि गार आहे. आम्ही दवाखान्याच्या खाटेवर बसलोय. पांढरी चादर. खाटेशेजारच्या कपाटावर एक काचेची वाटी, अर्धी भरलेली. ती वाटी मी ओळखतो. शेवटच्या दुपारी दाजींनी तिला याच वाटीतून चमच्याने खीर भरवली होती. दोन घास घेऊन ती म्हणाली होती, "उरलेली उद्या." ती वाटी दाजींनी कित्येक दिवस कुणाला धुवू दिली नाही.

"गोड काही खात नाहीत ते," मी म्हणतो.

"माहीत आहे."

"म्हणतात, खाल्लं की तू संपतेस."

"जन्मभर माझ्या हातचं खाल्लं ह्यांनी. संपले का मी कधी?" ती चादरीची घडी सरळ करते. "आणि रात्री उठून गुळाचा डबा उघडून नुसता वास घेतात, ते काय मला दिसत नाही? वाळून कोळ झालेत अगदी. सांग त्यांना."

"तू सांग ना."

"मी कशी सांगू? मी गेलेय."

"माझं ऐकत नाहीत."

"तुझं कुणीच कधी ऐकलं नाही, दिगू. वाचलं फक्त."

मी हसतो, आणि हसता हसता डोळे भरतात, आणि डोळे पुसून पाहतो तर चादर नाही, वाळलेलं पिवळं गवत आहे. समोर करवंदांची जाळी. खाली दरीत उन्हाने धूसर झालेली कृष्णा. अक्काच्या दोन वेण्या आहेत, लाल फितींच्या, चेहरा मात्र पंच्याहत्तरीचा. दोन्ही एकमेकांना शोभतायत. ती काट्यांत हात घालते, एक काळंभोर करवंद तोडते, अर्धं चावते आणि उरलेलं मुठीत लपवते.

"कोंबडा की कोंबडी?"

हा खेळ डोंगरातल्या प्रत्येक पोराला येतो. करवंद आतून लाल निघालं तर कोंबडा, फिकं निघालं तर कोंबडी. अक्का आणि दाजी म्हातारे झाले तरी दर उन्हाळ्यात खेळायचे. हरेल त्याने रात्रीची भांडी घासायची. माझ्या आठवणीत दाजी कायम मोरीत असायचे.

मी उत्तर द्यायला तोंड उघडतो, पण ती मान हलवते.

"तू नको सांगूस. ह्यांना विचार."

ती माझा हात ओढते, करवंद तळहातावर ठेवते आणि माझी बोटं एकेक करून मिटते. तिचे हात गार आहेत, सायीचे आहेत.

"अक्का, थांब. साखर किती घालायची ते—"

"चाखून बघ."

"मला दात नाहीत."

"चाखायला जीभ लागते रे गाढवा," ती म्हणते आणि जाळीत शिरते. काटे तिला लागत नाहीत. पलीकडून शिट्टी येते, फटीतून वाजवलेली, बारीक. मग कुठेतरी शाळेची घंटा होते. टण. टण.

घंटा नाही. मांजर कवळीच्या वाटीतलं पाणी पितंय आणि वाटी फरशीवर आपटतेय. मी खुर्चीत आहे. उन्हं भिंतीवर चढलीत. माझी उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे.

दारात दाजी उभे आहेत, बिनसाखरेचा चहा घेऊन.

मी तोंड उघडतो, आणि माझ्या तोंडून बिनदातांचं जे निघतं ते असं, "दाजी, कोंबडा की कोंबडी?"

कप बशीत वाजतो. ते माझ्या मुठीकडे बघत राहतात. मग चहा स्टुलावर ठेवतात, खुर्चीची पाठ धरतात.

"कोंबडी," ते हळूच म्हणतात.

"नक्की?"

"मी नेहमी कोंबडीच म्हणतो."

"नेहमी? काळ्याभोर करवंदालासुद्धा? अहो, म्हणून तर हरायचात."

"हरलो की ती हसायची," दाजी म्हणतात. "दात दिसायचे तिचे."

मी मूठ उघडतो. अर्धं करवंद आहे. आतून लालभडक. कडेला दातांच्या दोन खुणा, आणि त्यांच्या मधोमध एक उंचवटा, जिथे दात लागलेलेच नाहीत. माझे दात मांजराच्या ताब्यात आहेत. दाजींना तो उंचवटा दिसतो. ते चष्मा काढतात, सदऱ्याला पुसतात, परत लावतात. मी एक चांगलं वाक्य तयार ठेवलेलं असतं. ते गिळतो.

दाजी करवंद उचलतात आणि तोंडात टाकतात.

बराच वेळ चावत राहतात. गालावरून पाणी ओघळतं, ते पुसत नाहीत.

"आंबट आहे," शेवटी म्हणतात.

"साखरेतली आत आहेत. मुरलीत आता."

"साय?"

"गार पाण्यात ठेवलीय."

ते मान डोलावतात आणि बाह्या वर सरकवत स्वयंपाकघराकडे वळतात. "हरलो मी. भांडी माझ्याकडे. तू साय फेटायला घे. आणि दिगू, त्या पुरणयंत्राला हात लावशील तर खबरदार."

आतून काचेच्या वाट्या खाली काढल्याचा आवाज येतो. माझ्या उजव्या तळहातावर जांभळा डाग आहे, कडेला थोडा चिकट. हात धुवायला म्हणून मी उठतो. मोरीपर्यंत जातो, आणि फक्त डावा हात धुऊन परत येतो.