डुकरांच्या चकरा

मे महिन्यातल्या टळटळीत दुपारी मी टपरीवर एसटीची वाट बघत बसले होते. डुकरांनी भरलेला एक टेम्पो समोरच्या मैदानात नुसता गोल फिरत होता. दर फेरीला टपरीला लागून हळू जाताना ड्रायव्हर हात बाहेर काढून ग्लास उचलायचा, चहाचा एक घोट घ्यायचा, ग्लास परत टपरीवर ठेवायचा.

“अरे बाबा, थांबून पी की.”

“डुकराला आपल्यासारखा घाम येत नाही, आजी. गाडी थांबली की वारा थांबतो, अन् मग जीव जातो त्यांचा.”

ओल्या गोणपाटाआडून डुकरं सुखानं बाहेर बघत होती.

मग आमची एसटी आली. आम्हाला तापलेल्या गाडीत बसवून तिचा ड्रायव्हर सावलीत निवांत चहाला बसला. आम्हाला घाम येतो, तिथंच आमचं चुकलं असणार. तरी खिडकीतून म्हटलं, “साहेब, दोन चकरा मारता मारता प्या की.”