सातव्या नंबरची टाचणी

मामाने सातव्या नंबरची टाचणी उपसली आणि दोन बोटं अलीकडे, उजव्या बाजूच्या पातळ भिंतीत खुपसली. ताटातल्या चिरलेल्या हृदयाला काय, कुठेही टोचा. टाचणी असेल तो भाग पोरांनी ओळखायचा; परीक्षा तासाभरावर होती.

मेडिकल कॉलेजच्या हॉलात प्रेतं, हाडं, काळजं सांभाळण्यात मामाची पंचवीस वर्षं गेली. मामी तिथेच फरशी पुसायची. सहा महिन्यांपूर्वी एक पोरगी हृदय हातात धरून रडत होती, काही डोक्यात शिरेना. मामी म्हणाली, "रडतेस काय, बाळा. वरच्या दोन खोल्या पातळ, खालच्या जाड. त्यातही डावीकडची सगळ्यात जाड. तिला अख्ख्या अंगात रक्त ढकलायचं असतं ना."

मागे सर उभा. "खालच्या खोलीला निलय म्हणतात. जीभ वळत नसेल तर गप फरशी पूस."

वर्ग खो-खो हसला. मामी दुसऱ्या दिवसापासून गेलीच नाही. घरी एवढंच विचारलं, "निलय म्हणजे काय हो?"

"घर. राहायची जागा."

"मग मी खोली म्हटलं तर काय आभाळ कोसळलं?"

त्याच दिवशी मामाने तिला सांगितलं, याला सोडायचा नाही.

सर ताटाजवळ फिरकत नाही; टाचण्या मामा लावतो, सर रजिस्टरवर नुसती सही ठोकतो. खुर्चीत बसून जुन्या यादीवरून तपासतो: सात, डावं निलय. दरवर्षी तेच. परीक्षा झाली, यंदाही तेच. ज्यांनी डोळे उघडून 'उजवं' लिहिलं, त्यांच्यावर लाल फुली.

तीच पोरगी उठली. "सर, भिंत पातळ होती."

"बस खाली."

बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी हृदय उचललं, भिंत चिमटीत धरली. "बरोबर आहे तिचं. तुम्ही हे बघितलंच नाही का, सर?"

हॉल हसला. तोच हॉल.

"टाचणी कोणी हलवली?" सराचे कान लाल.

"टाचण्या तुम्ही लावता, सर. रजिस्टरवर तुमचीच सही आहे," मामा म्हणाला. "मी आपला फरशी पुसतो. बायको येत नाही ना आता."

घरी हे ऐकून मामी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मामाला वाटलं, फिटलं.

वर्षभराने मामीच्याच तोंडून कळलं. परीक्षेच्या महिनाभर आधी सर घरी आला होता. एकटाच, दारात उभा राहून माफी मागून गेला. मामीने मामाला चकार शब्द सांगितला नव्हता.

"अपमान हॉलात नि माफी दारात?" ती म्हणाली. "सांगितलं असतं तर तुम्ही विरघळला असता."